आत्याबाईंचं उत्तर

मोंढा, उदगीर
६ सप्टेंबर २०२५

पंचशीला मॅडम,

जयभीम. मॅडम म्हटलं म्हणून लगेच नाक फुगवू नकोस. वसतिगृहात माझ्या भाकरीचा पापुद्रा पळवणारी पंची आता नांदेडला बसून संशोधन करते, म्हणजे मॅडमच म्हणायला पाहिजे.

इतक्या वर्षांनी पत्र का, असं तुला वाटेल. घरात फोन एकच, तो भागवत भाऊजींच्या खिशात. म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या. कुणाचा फोन आला की ते स्पीकर लावतात आणि मग सगळी गल्ली ऐकते. दुकानातला फोन आहे, कुठलं दुकान ते पुढे सांगते, पण तिथं समोर शेठ बसलेले. त्यापेक्षा कागद बरा, मधे कुणी बोलत नाही.

परवा तुमच्या संस्थेची एक मुलगी आमच्या घरी येऊन गेली. दिपाली नाव, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. एकट्या बायकांच्या मदत योजनेचा सर्वे करायला आली होती. ओळखपत्रावरचं संस्थेचं नाव वाचून मला तू आठवलीस. तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग आमच्या रिवाजाप्रमाणे तिच्याभोवती सगळे बसले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यावर, भाऊजी बाजेवर, शेजारच्या दोघी भिंतीला टेकून. नाव विचारलं ते भाऊजींनी सांगितलं. शिक्षण विचारलं, तेही भाऊजींनीच. नवरा कधी वारला ते शेजारणीनं. मग तिनं विचारलं, "ताई, सध्या काही काम करता का?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "काय करती? घरीच असती. लेकराचं बघती."

दिपालीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं टॅबवर बोट दाबलं.

आता खरं ऐक. तुमच्या योजनेतला कॉम्प्युटरचा वर्ग जानेवारीत संपला. वर्गाच्या सरांनी मला मोंढ्यात सिद्धरामअप्पांकडे पाठवलं. अप्पांची तिथं धान्याच्या खरेदी-विक्रीची आडत आहे आणि शेजारी गाड्यांचा वजनकाटा. फेब्रुवारीपासून त्या काट्यावर मी बसते. घरी अजून वर्गच चालू आहे. मागे एकदा नुसता विषय काढला होता, तर भाऊजी म्हणाले, "आपल्या घरातली बाई मोंढ्यात हमालांत बसणार का?" म्हणून वर्ग संपतच नाही. एव्हाना मी कॉम्प्युटरची डॉक्टर व्हायला पाहिजे होते.

हे कुणाला तरी सांगायचं होतं. माझ्या लेकीचे, ऋतुजाचे बाबा गेल्यापासून मला स्वतःची अशी एवढीच एक जागा आहे, पंचे. काचेची खोली आणि एक खुर्ची. उत्तर अप्पांच्या आडतीच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्त्यावर चुकूनही नको.

सिंधु

*

नांदेड
१५ सप्टेंबर २०२५

सिंधु,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रडले आणि तिसऱ्यांदा घाबरले.

हसू आणि रडू तुला कळेल. भीतीचं सांगते. दिपालीनं टॅबवर दाबलेलं ते बोट माझ्या टेबलावर येतं. सगळ्या गावांतली उत्तरं एकत्र करायचं काम माझं. आमच्यासमोर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात, म्हणून तू त्यात आहेस हे मला ठाऊकच नव्हतं. ओळखीचं माणूस निघालं तर महामाया मॅडमना लगेच सांगायचं, असा आमचा नियम आहे. त्या या अभ्यासाच्या प्रमुख. मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारतील, तुला कसं कळलं? आणि मग तुझ्या काट्याचं बिंग फुटणार.

तुला योजनेतलं कुणी नीट समजावून सांगितलं नसेल. एकट्या बाईला वर्षभर दरमहा थोडा आधार दिला, सोबत काही शिकवलं, तर ती कामाला लागते का, एवढंच बघायचं आहे. लागते असं दिसलं तर हीच योजना पुढे रेणापूर आणि किनवट तालुक्यांत जाणार. नाही दिसलं तर बंद. अधिकाऱ्यांना लांब अहवाल वाचायला वेळ नसतो. ते एकच आकडा बघतात, किती बायका कामाला लागल्या.

तुझं उत्तर मी बदलू शकत नाही. बदलणारही नाही. पण एक विचारते, सहज. तुझ्या वर्गातल्या बाकीच्या बायकांनी काय सांगितलं?

आणि काट्यावर नेमकं काय करतेस ते लिही. माझ्या डोळ्यांसमोर तू अजून वसतिगृहाच्या जिन्यात बसून वेणी घालतेस.

तुझी पंची

*

मोंढा, उदगीर
२४ सप्टेंबर २०२५

पंचे,

"सहज" म्हणे. तू सहज काही विचारत नाहीस, हे मला अकरावीपासून माहीत आहे.

आधी काटा. भरलेला ट्रॅक्टर लोखंडी फळीवर चढतो, मी वजन घेते. माल उतरवून तो परत येतो, रिकाम्याचं वजन घेते. एकातून दुसरं गेलं की मालाचं वजन, त्याची पावती छापून द्यायची. सोपं आहे. अवघड आहेत ती माणसं. भरलेल्या वजनाला ट्रॉलीवर चौघं चढून बसतात आणि रिकाम्याला उतरून घेतात. पहिल्या आठवड्यात मी काच वाजवून सगळ्यांना खाली उतरवलं. एकजण म्हणाला, "बाई लई कडक हाय." अप्पा म्हणाले, "अक्का हैत त्या. उतर खाली." त्या दिवसापासून मी अख्ख्या मोंढ्याची अक्का झाले. अप्पांच्या घरी कानडी बोलतात, आणि त्यांच्या तोंडून अक्का ऐकायला बरं वाटतं. दुपारी हमालासारखी भूक लागते. आत्याबाई हल्ली डब्यात एक भाकरी जास्तीची घालतात, ती बरोबर पुरते.

एक धास्ती आहे. आमच्या गावची कस्तुराबाई मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडायला येते. मला रोज बघते. मी तिला खोलीच्या सावलीला बसायला जागा देते. ती काही बोलत नाही, मीही बोलत नाही. तिनं घरी सांगितलं असतं तर एव्हाना गाजलं असतं.

आता तुझं सहज. वर्गातल्या बऱ्याच जणी कामाला लागल्यात. एक दवाखान्यात पेशंटजवळ असते, दोघी डाळ मिलवर, एकीनं शिलाई चालू केली. आणि सर्वेत सगळ्यांनी सांगितलं, काही करत नाही. मीच सांगितलं होतं तसं सांगायला. आमच्याकडे सर्वे आला की गावाची गरिबी वाढते, तुला काय नवीन आहे? शिलाईचं मशीन गोधडीखाली जातं, टीव्हीवर लुगडं पडतं. मागं एकीनं सरळपणानं सांगितलं की ब्लाऊज शिवते, आणि तिचा निराधार योजनेचा महिन्याचा सरकारी पगार बंद झाला. सर्वेमुळंच झाला की कशानं, कुणाला ठाऊक. पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. टॅब घेऊन आलेली मुलगी कुठल्या खात्याची आणि लिहिलेलं कुठं जातं, हे आम्हाला कोण सांगतं?

सिंधु

*

नांदेड
६ ऑक्टोबर २०२५

सिंधु,

हे पत्र दोनदा फाडून परत लिहिते आहे.

आकडे हाती आले. कामाला लागलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. महामाया मॅडमनी कच्चा अहवाल करायला सांगितला आणि त्यातलं एक वाक्य मी माझ्या हातानं टाइप केलं, "आर्थिक मदत मिळाल्यानंतरही बहुसंख्य महिला घरीच राहिल्याचे दिसते." टाइप करताना मला तुझी काचेची खोली दिसत होती.

मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणतात, बायकांनी जे सांगितलं तेच आपण लिहिणार, आपल्या मनातलं नाही. त्यांचं बरोबर आहे. पण बायकांनी सांगितलेलंच नाही, ते तुमच्या उंबऱ्यावरून आलं. तुझ्या सासूबाईंनी तुझं तोंड दाबलं आणि आम्ही ते तुझं उत्तर म्हणून लिहून घेतलं.

नोव्हेंबरच्या शेवटी लातूरला अधिकाऱ्यांसमोर अहवाल ठेवायचा आहे. त्या दिवशी योजना एक तर पुढे जाईल, नाहीतर गुंडाळली जाईल. म्हणून विचारते. दिपालीला मी मोंढ्यात पाठवते, घरी नाही. तू आणि तुझ्या वर्गातल्या बायका तिला खरं सांगाल का? नाव कुठेही छापलं जात नाही. पगार बंद होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, खोटं कशाला बोलू? आमच्याकडून माहिती बाहेर जात नाही, एवढं मात्र खात्रीनं सांगते.

पंची

*

मोंढा, उदगीर
११ ऑक्टोबर २०२५

पंचशीला,

घरीच राहिल्या?

मी सकाळी भाकरी, भांडी, लेकराची वेणी उरकून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन इथं येते, दिवसभर धूळ खाते, आणि संध्याकाळी घरी जाऊन "आज वर्गात काय शिकवलं" याच्या थापा मारते. ते तुझ्या यंत्रात घरी राहणं होतं. बरं आहे.

तू म्हणतेस नाव गुप्त. पंचे, तू रेणापूरची, शहरात जाऊन गाव विसरलीस का? गावात गुप्त म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं, फक्त भागवत भाऊजींसमोर न बोललेलं. तुमची दिपाली मोंढ्यात चार बायकांना घेऊन बसली की संध्याकाळी ते पारावर येणार. मग मला कोण वाचवणार, महामाया मॅडम?

तुमचा अहवाल आम्हाला आळशी म्हणत असेल तर म्हणू दे. आळशी म्हटल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. माझी खुर्ची गेली तर मात्र मी परत चार भिंतींत. ऋतुजाचे बाबा गेल्यावरचा तो पहिला वर्षभराचा काळ मी तुला कधी सांगितला नाही आणि सांगणारही नाही. मी तिथं परत जाणार नाही.

सोयाबीनचा हंगाम आहे. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. कुणाला पाठवू नकोस. एवढं ऐक माझं.

सिंधु

*

नांदेड
१६ ऑक्टोबर २०२५

सिंधु,

रागावलीस, ते बरोबर आहे. दिपालीला पाठवत नाही.

पण हातावर हात ठेवून मला बसवत नाही. दर सर्वेत काही क्रमांक फेरतपासणीला काढतात, त्यात मी तुमच्या गावाकडचे काही काढले आहेत. तुझाही आहे, अर्जांच्या फायलीत तुझं नाव शोधून काढला. कुणी घरी येणार नाही, मोंढ्यातही नाही. ऑफिसातून फक्त फोन येईल आणि दोन प्रश्न विचारतील. तुझ्या अर्जावर मोबाइल नंबर दिसतो, म्हणजे कमवायला लागल्यावर स्वतःचा फोन घेतलास वाटतं. बरं केलंस. खोलीत एकटी असताना बोल. सांगायचं नसेल तर नाही म्हण, मी परत विचारणार नाही.

दिवाळीला ऋतुजासाठी फ्रॉक पाठवते आहे.

पंची

*

घर
१८ ऑक्टोबर २०२५

पंचशीला,

तुझं पत्र मला आज मिळालं. फोन काल संध्याकाळी आला.

तो नंबर भागवत भाऊजींचा आहे. अर्ज भरताना त्यांनीच सांगितला, त्यांनीच लिहिला. गावात कुठल्या बाईच्या अर्जावर तिचा नंबर असतो ते मला दाखव.

दिवाळीची धुणीभांडी अंगणात पसरली होती. भाऊजींनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. नांदेडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सिंधुताईंचा वर्ग जानेवारीतच संपला ना? त्यानंतर त्या काय करतात?" एवढंच. ती वाईट काहीच बोलली नाही.

भाऊजी आधी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जानेवारीत? मंग तू रोज कुठं जाऊन राहिली?" आत्याबाई भांडं घासत होत्या, त्या घासत राहिल्या. मी सांगितलं. दुसरं करणार काय? आज सकाळी ते मोंढ्यात जाऊन अप्पांना सांगून आले की आमची वहिनी उद्यापासून येणार नाही. अप्पांनी कस्तुराबाईजवळ माझी चप्पल, डबा आणि तुझं पत्र पाठवून दिलं. खोलीत मी घालायची ती जुनी चप्पल.

तुला सांगितलं होतं, कुणाला पाठवू नकोस. तू म्हणालीस फक्त फोन.

आता पत्र लिहू नकोस.

सिंधु

*

नांदेड
४ नोव्हेंबर २०२५

सिंधु,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. अप्पांच्या पत्त्यावरच पाठवते. पोचेल की नाही माहीत नाही.

पहिल्याच पत्रात तू सांगितलं होतंस की घरचा फोन भाऊजींच्या खिशात असतो. मी ते वाचलं होतं. तीनदा वाचलं होतं. आणि तरी अर्जावर नंबर बघितला तेव्हा तो तुझाच आहे असं मला वाटलं, कारण मला तसं वाटायला हवं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. फरक एवढाच की मारुती तुझ्या अंगणात झाला, माझ्या नाही. तुला तोंड दाखवायची लाज वाटते असं लिहिणार होते. खरं तर माझी मलाच वाटते.

महामाया मॅडमना सगळं सांगितलं. तू मैत्रीण आहेस, तुझा क्रमांक मी मुद्दाम काढला आणि त्यानं तुझं काम गेलं. मग त्यांनी मला या अभ्यासावरून काढलं. मी आता दुसऱ्या खोलीत पाण्याच्या टाक्यांची माहिती भरते. मी निघताना त्यांनी एकच विचारलं, "बाकीच्या बायकांचे नंबर कोणाचे आहेत?" ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन दिवस दिपालीनं अर्ज घेऊन नंबर लावले. उचलणारे जवळपास सगळे पुरुष निघाले, नवरा नाही तर भाऊ, दीर, सासरा. मॅडमनी लातूरला कळवलं की अहवाल तयार नाही, मुदत हवी. अधिकाऱ्यांनी डिसेंबरअखेरपर्यंत दिली आहे. नवीन चौकशी दुसरी माणसं करणार. त्यात मला काही विचारता येणार नाही आणि कळणारही नाही.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. योजना पुढे गेली तर रेणापूरच्या पहिल्या यादीत माझी बुद्धप्रियाताई आहे. नवऱ्यानं टाकल्याला चार वर्षं झाली. आमच्या मागच्या खोलीत असते आणि कुणी बाहेरचं आलं की आत जाते. मी तुझ्यासाठी धडपडते आहे असं स्वतःला सांगत होते. मी ताईसाठी तुला ढकलत होते. तुझ्या सासूबाईंनी तुझं तोंड दाबलं म्हणून त्यांना नावं ठेवली, आणि मी दुसरं काय केलं? तुझ्या तोंडून माझं उत्तर काढायला निघाले.

माफी मागत नाही. मागून काय तुझी खुर्ची परत येते?

पंची

*

मोंढा, उदगीर
२९ नोव्हेंबर २०२५

पंचे,

वर पत्ता बघितलास? बघ आधी.

आता क्रमानं सांगते. दिवाळी गेली, मी घरात. भाऊजी बोलत नव्हते, मी जेवत नव्हते, ऋतुजा दोघांच्या मधे हळू आवाजात पाढे म्हणायची. आत्याबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. त्यांच्यावरच माझा सगळ्यात जास्त राग होता. वाटायचं, त्या दिवशी उंबऱ्यावरून ह्या बोलल्या नसत्या तर मी कदाचित बोलले असते. खोटं आहे ते, मीही नसते बोलले. पण रागाला कुणीतरी लागतं.

तुझं पत्र कस्तुराबाईनं आणून आत्याबाईंच्याच हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. शेंगांची पाटी बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "वाच."

मी म्हटलं, मैत्रिणीचं आहे. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय कुणाचं हाय. वाच."

मी वाचलं. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. तुझ्या ताईचंही. तोंड दाबल्याचं आलं तिथं मी थांबले, तर त्यांनीच म्हटलं, "म्होरं." संपल्यावर त्यांनी एक शेंग फोडली. मग म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीला लिव्ह, म्या तुझं तोंड दाबलं न्हाई. भागवत बाजेवर बसल्याला व्हता. तू खरं बोलली असती तर काय झालं असतं, तुला म्हाईत न्हाई का? म्हणून मीच बोलले."

त्या म्हणाल्या, "कस्तुरीनं मला शिमग्यालाच सांगितलं व्हतं. डब्यात भाकर जास्तीची कशाला घालून राहिले मंग? किलासला बसून एवढी भूक लागती का?"

पंचे, तेव्हा मी रडले. नवरा गेला तेव्हा लोक रडवत होते म्हणून रडले होते, हे रडू माझं होतं. आत्याबाईंनी जवळ घेतलं वगैरे काही नाही. शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "लेक माझा गेला. तू मोंढ्यातून येती तवा जेवती, बोलती, पोरीला हसवती. घरात बसली का भिताडाकडं बघती. मला तेवढंच दिसतंय. बाकी मला काय कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून त्यांनी भाऊजींना हाक मारली. "भागवत, हिला मोंढ्यात सोडून ये."

भाऊजी म्हणाले, "आये, लोक काय म्हणतील?"

"लोकायला मी सांगते. तुला कोण इचारून राहिलंय?"

वाद झाला, नाही असं नाही. भाऊजी ताट सरकवून उठले. मेलेल्या भावाची अब्रू गेली म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "त्याची आब्रू मला सांगू नगं. त्याला मी जल्म दिला." भाऊजींनी मोटरसायकल काढली. मोंढ्याच्या कोपऱ्यावर मला उतरवून ते वळून गेले, आत आले नाहीत.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. माझ्या खुर्चीवर अप्पांचा भाचा बसला होता. अप्पा म्हणाले, "अक्का, हंगामात काटा रिकामा कसा ठिवू?" त्यांचंही बरोबर. आता सकाळी तो, दुपारनंतर मी, असा अर्धा दिवस वाट्याला आला आहे. निम्मं गेलं ते तुझ्यामुळं गेलं, पंचे. ते मी विसरलेले नाही, आणि विसरल्याचं नाटकही करत नाही.

पण तू पाण्याच्या टाक्या मोजतेस हे वाचून वाईट वाटलं. आणि बुद्धप्रियाताईचं आधी सांगितलं असतंस तर मी चिडले असते, पण मला कळलं असतं.

सिंधु

ता.क. अप्पांकडे साठलेल्या माझ्या कमाईतून फोन घेतला. साधाच आहे. तुमच्या ऑफिसला पोस्टकार्ड टाकून नंबर बदलायला सांगितलाय. क्रमांक कोणता, नाव कोणतं, सगळं मीच लिहिलं. तुला देत नाही इतक्यात.

*

घर
२१ डिसेंबर २०२५

पंचे,

फोन आला. तुमच्या ऑफिसचा, माझ्या फोनवर.

आज रविवार, म्हणून घरी होते. अंगणात सगळे होते. आत्याबाई उंबऱ्यावर, भाऊजी बाजेवर, शेजारची एक गहू निवडायला आलेली. जसं तेव्हा होतं तसंच. फोनवर कुणी नवीन बाई होती. आधी नाव विचारलं, मग म्हणाली, "ताई, आत्ता तुम्ही एकट्या आहात का? नसलात तर मी नंतर फोन करते. पुढच्या प्रश्नांची उत्तरं एकट्यानंच द्यायची आहेत, तसा नवा नियम आहे." तो नियम कुणामुळं आला ते मला लगेच कळलं.

मी आत जाऊ शकत होते. परसात जाऊ शकत होते. पण इतके महिने लपून मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "एकटी नाही. घरातले सगळे आहेत. तुम्ही विचारा."

ती जरा अडखळली. परत विचारलं, नक्की का? मी नक्की म्हटलं आणि स्पीकर लावला. आमच्या घरात तीच रीत आहे.

ती म्हणाली, "सध्या तुम्ही काही काम करता का?"

माझाही निराधारचा पगार डोळ्यांसमोर आला, वर्गातल्या बायका आल्या. त्यांना मी गेल्या आठवड्यात म्हटलं होतं, ज्या त्या आपापल्या जिवानं ठरवा, मी नाही म्हणायला सांगितलं होतं ते आता सांगत नाही. दोघी खरं सांगते म्हणाल्या. बाकीच्या गप्प बसल्या. त्यांना मी काय म्हणू?

तेवढ्यात उंबऱ्यावरून आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "करती. मोंढ्यात काट्यावर बसती. लिव्हून घ्या."

फोनवरची बाई बिचारी घाबरली. म्हणाली, "आजी, ताईंनी स्वतः सांगायला पाहिजे. तुमचं उत्तर मला लिहिता येत नाही."

आत्याबाईंना राग आला. इतकी वर्षं सगळ्यांची उत्तरं त्यांनीच दिली, कुणी कधी अडवलं नाही, आणि नेमकं आज खरं सांगितलं तर म्हणे चालत नाही. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "मंग इचार बाई तिलाच. तिला काय तोंड न्हाई का?"

मी भाऊजींकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते. उठून गेले नाहीत.

मी म्हटलं, "हाव. करते."

पगाराचं काय होईल ते होईल. कुणी विचारायला आलं तर मी भांडेन, आणि कागदपत्रं लिहून द्यायला तू ये. एवढं तुझ्याकडे लागतं. लातूरला काय ठरलं ते तुला कुणी सांगणार नाही म्हणतेस, पण बुद्धप्रियाताईच्या घरी टॅब घेऊन कुणी आलं की आपल्याला कळेलच. तिला माझा जयभीम सांग. म्हणावं, बाहेरचं कुणी आलं की आत जाऊ नको, एखाद्या वेळी तुझ्यासाठीच आलेलं असतं.

नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. दुपारनंतर करू नकोस, तेव्हा मी काट्यावर असते.

सिंधु